ड्रमला लागलेलं सुतक

बायको वारली तो सोमवार होता. सकाळी ती खाली गेली, ड्रम फिरवला, थर्मामीटर पाहिला, लिफ्टशेजारच्या फळ्यावर आकडा लिहिला आणि वर आली. स्वयंपाकघरात तिला घाम आला. ओट्याला धरून ती खाली बसली. मी शेजाऱ्यांना हाक मारली. गाडी आली. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मला सांगितलं. संध्याकाळी आम्ही तिला स्मशानात नेलं.

ड्रम म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

आमची सोसायटी कामोठ्यात आहे. हा सगळा भाग खाडीकाठच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर भराव टाकून उभा राहिलेला. कंपाउंडच्या भिंतीला लागून एक लांब पट्टा मोकळा आहे. सोसायटीच्या नकाशात त्याला बाग म्हटलं आहे. तिथे खणलं की मुरूम लागतो, मग विटांचे तुकडे, काँक्रीटची ढेकळं, आणि बरंच खाली गेलं तर खाडीचा काळा चिकट गाळ. माती नाहीच. दरवर्षी कोणीतरी हौसेने रोपं आणून लावायचं आणि उन्हाळ्यात ती काड्या होऊन उभी असायची. एकदा सोसायटीने ट्रकभर लाल माती आणून टाकली. ती एका पावसाळ्यात गटारातून वाहून गेली.

बायको पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत असे. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर मी पुस्तकं वाचत बसलो आणि ती खिडकीतून तो पट्टा बघत बसली. एक दिवस म्हणाली, "माती विकत आणून टिकत नाही. इथेच बनवायला हवी."

मी म्हटलं, "ओल्या कचऱ्याचं होतं ते खत. माती नाही. माती व्हायला शेकडो वर्षं लागतात."

"म्हणून तर पटकन बनवायची," ती म्हणाली. "तुम्ही शब्द बघा. मी तापमान बघते."

तिचं म्हणणं साधं होतं. कचरा कुजतोच, प्रश्न वेळेचा. आत पुरेशी हवा, पुरेशी ओल आणि पुरेशी ऊब राहिली, तर जे काम उघड्या खड्ड्यात वर्षभर चालतं ते काही आठवड्यांत उरकतं. आणि नुसतं खत नको, म्हणून त्यात पहिल्यापासून दगडाची भुकटी मिसळायची, खडी फोडणाऱ्या मशीनखाली साचते ती. पट्ट्यात घातल्यावर ते बसायला हवं, धरायला हवं, वाहून जाता कामा नये.

तिने आधी लोखंडी पिंप घेतलं. कचऱ्याच्या पाझराने आणि इथल्या खाऱ्या हवेने त्याचा तळ एका मोसमात खाल्ला. मग निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, आडवा टाकला, त्याच्या मधून भोकं पाडलेला पाइप घातला. तोच आस आणि तोच हवेचा रस्ता. पण थंडीच्या दिवसांत रात्री आतली ऊब निघून जाई. तेव्हा तिला जासईचा रस्ता आठवला. तिथे बंदरातले कंटेनर यार्डात रचून ठेवलेले असतात. त्यांतले काही मासळी आणि फळं थंड ठेवून नेणारे, जाड फोमच्या भिंतींचे. भंगारात गेलेल्या अशा एका कंटेनरची भिंत तिने मिळवली. "जी भिंत थंडी आत कोंडते, ती ऊबही कोंडेल. भिंतीला काय कळतं आत काय आहे ते," असं म्हणत तिने त्या फोमच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि ड्रमभोवती लाकडी पिंपाच्या फळ्यांसारख्या आवळून बसवल्या. लोखंडी स्टँड पावण्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतला. तिथला कारागीर तो ड्रम बघून हसायला लागला.

"मॅडम, कचऱ्याला स्वेटर?"

"हो. आणि गळ्याशी जरा सैल ठेवा, श्वास घ्यायचाय त्याला."

हे सगळं दोन-तीन वर्षं चाललं होतं. शेवटचा ड्रम झाला तेव्हा तो ठेवायची जागा हाच वाद झाला. पार्किंगच्या कोपऱ्यात, पट्ट्याजवळ, तो नीट बसत होता. पण सेक्रेटरींना तिथे मोटरसायकलींसाठी स्टँड करायचा होता. सेक्रेटरी साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने वाईट नाहीत. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "वहिनी, टेन्शन नाही घ्यायचं. पण प्रयोग किती दिवस चालणार? सोसायटी आहे, लॅब नाही."

ती उभी राहिली. "दीड महिना. संक्रांतीनंतर मीटिंग आहे, तेव्हा सगळ्यांसमोर माती ठेवते. नाही झाली तर ड्रम मी स्वतः उचलून नेईन."

"लिहून घेऊ का हे?" कोणीतरी मागून विचारलं.

"कशाला? मी काय पळून चाललेय?"

सगळे हसले. तीही हसली. तसं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरातला ओल्या कचऱ्याचा डबा घंटागाडीऐवजी ड्रममध्ये जाऊ लागला. पाच-सहा दिवसांत ड्रमला ऊब आली. लांब दांड्याचा थर्मामीटर रोज एकाच जागी, एकाच खोलीवर खुपसायचा, सावकाश शंभर अंक मोजायचे, मग वाचायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. फळा पाण्याच्या वेळा आणि लिफ्ट बंद असल्याच्या सूचना लिहिण्यासाठी होता. आता लोक पाण्याच्या आधी तो आकडा बघू लागले. "वहिनी, आज छप्पन्न! ताप आलाय तुमच्या बाळाला." "डॉक्टर बोलवा." सेक्रेटरीसुद्धा एकदा लिफ्टची वाट बघत म्हणाले, "काल त्रेपन्न होता ना?"

माझं काम डबे धरायचं आणि वाळलेला पाला आणून द्यायचा. ती मला शिकवायची, पण मी शिकायच्या इराद्याने ऐकत नव्हतो. ती होतीच शेजारी. मूठभर घेऊन दाबायचं. बोटांच्या फटीत एखादा थेंब चमकला तर ओल बरोबर, हातावर ओघळ आला तर जास्त. आणि नाक. तिला तीनच वास पुरत. नाकात झोंबणारा असेल तर ओलं जास्त झालं, पाला घाल. सडक्या अंड्याचा असेल तर हवा कमी पडली, फिरव. मातीचा आला की थांब. मी तिला सांगत असे की आपल्या भाषेत वासांना किती शब्द आहेत, कुबट, आंबूस, खवट, उग्र, कुजकट. ती म्हणायची, "असू देत. ड्रमला तीन बास."

आणखी एक नियम तिचा होता. सकाळी नवा आकडा लिहायच्या आधी जुना पुसायचाच. "कालचं तापमान आज फळ्यावर राहिलं, तर तो फळा खोटं बोलतोय."

त्या सोमवारी तिने लिहिलेला आकडा एकसष्ट होता.

पुढचे दिवस मी घरात होतो. आम्ही दोघंही फार काही पाळणारे नव्हतो. पण मुलगी बंगळुरूहून आली आणि तिने विचारलं, बाबा, काय काय करायचं. लोक सांगतील तसं करू, असं मी म्हटलं. शेजारी जेवणाचे डबे आणून देत. दहावं झालं, तेरावं झालं. माणसं येत, बसत, उठत. "मातीला येता आलं नाही, म्हणून आज आलो," असं दोघा-तिघांनी म्हटलं. सेक्रेटरी तर रोज येऊन बसायचे. "मी मातीला होतो," ते नव्या माणसाला सांगायचे, "सर अजिबात डगमगले नाहीत." दहन असलं तरी त्यांच्याकडे मातीच म्हणतात. मी आयुष्यभर हा शब्द शिकवला असेल, वाक्प्रचारांत, म्हणींत. त्या दिवसांत तो दर वेळी कानावर आला की मला एवढंच वाटायचं की कोणीतरी दुसऱ्याच मातीबद्दल बोलतंय. पण ड्रमची आठवण मला झाली नाही. हे लिहिताना मलाच नवल वाटतं. खिडकीतून तो दिसत होता.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मुलीला सोडायला मी खाली उतरलो. टॅक्सी निघून गेली. परत वळलो तर समोर फळा. एकसष्ट. तिचा सहा नेहमी पोटाशी वाकलेला असायचा, तसाच. त्याच्या शेजारी, भिंतीवर, चिकटपट्टीने लावलेला एक कागद होता: टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही. फळा मोकळा असताना सूचना कागदावर लिहून बाजूला लावली होती.

मी ड्रमपाशी गेलो. वरून हात लावला तर फोमच होता, काही कळेना. झाकण उघडलं. थर्मामीटर खुपसला, शंभर मोजले. सव्वीस. बाहेरच्या हवेइतकं. आत निम्माच भरलेला होता आणि वरचा थर ती गेली त्या दिवशीचा असावा, कोबीची पानं, केळीच्या साली, सगळं चपटं होऊन बसलेलं. त्यावर नवं काहीच नव्हतं. कोणी तो फिरवलाही नव्हता.

तळमजल्यावरच्या ताई तेवढ्यात भाजी घेऊन आल्या. त्या इथल्याच, शेजारच्या जुन्या गावातल्या. त्यांच्या घरची शेतं गेली आणि ही घरं आली. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. बायकोला त्या "बाय" म्हणत आणि सगळ्या बिल्डिंगला हक्काने दटावत.

"ताई," मी विचारलं, "इतके दिवस डबे कुणीच टाकले नाहीत?"

"कसं टाकनार, भाऊ? तुमच्या घरात सुतक व्हतं. मीच सगल्यांना सांगितलं, कोनी हात लावायचा नाय. कचरा घंटागाडीत टाका."

"ड्रमला कसलं सुतक?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "का? बाय रोज सकालची आधी त्याच्याकडं जायची, मंग बाकी सगलं. घरातलाच ना तो?"

मी झाकण लावलं. त्यांना माझा चेहरा बघून काहीतरी चुकल्याचं जाणवलं. "काय झालं, भाऊ? खराब झालं का काय?"

"थंड पडलाय."

"म्हंजे?"

"म्हणजे माती होणार नाही. मीटिंगपर्यंत तरी नाही."

त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "आनि मंग बायचा शब्द?"

तोच प्रश्न होता. त्याच्याशिवाय दुसरा काही नव्हता. ड्रम राहिला काय, गेला काय, मला त्याचं तसं काही नव्हतं. तो तिचा छंद होता. पण तिने सगळ्यांसमोर उभं राहून एक गोष्ट सांगितली होती आणि ती खरी ठरते की नाही हे बघायला ती राहिली नव्हती. ते आता माझ्याकडे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. थर्मामीटर लावला. फळ्यापाशी आलो, डस्टर हातात घेतला. सेक्रेटरी दूध घेऊन येत होते. ते थांबले.

"राहू द्या ना, सर," ते हळू म्हणाले. "आम्ही मुद्दाम ठेवलाय."

"आजचा नाही तो," मी म्हटलं, आणि पुसला. त्या जागी सव्वीस लिहिलं. माझा सहा तिच्यासारखा आला नाही. सेक्रेटरी लिफ्टमध्ये गेले.

त्या दिवसापासून डबे पुन्हा येऊ लागले. लोकांना वाईट वाटलं होतं, त्यामुळे ते जास्तच येऊ लागले. दोन दिवसांत ड्रम गच्च भरला. मी फिरवत राहिलो. आकडा हलेना, सत्तावीस, अठ्ठावीस, पुन्हा सत्तावीस. आणि मग वास सुटला. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये मला गाठलं. "सर, तक्रार नाही हं. फक्त सांगतोय. आमच्या बाल्कनीत येतोय."

मी खाली जाऊन झाकण उघडलं आणि वाकून वास घेतला. तीनपैकी कोणता, ते ठरवायला वेळ लागला. डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा कळलं की झोंबणारा आहे. मूठ दाबली तर मनगटापर्यंत ओघळ आला. पाला हवा होता. इथली झाडं रस्त्याच्या कडेची, बदामाची आणि रेन ट्रीची. तीन सकाळी मी पोती घेऊन फिरलो. माझे एक जुने विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक असलेले, मला रस्त्यात पाला गोळा करताना पाहून मोटरसायकल थांबवून चौकशी करून गेले. मी बरा आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. पाल्याने वास गेला. ऊब मात्र आली नाही. हवा होती, ओल होती, खाणं होतं. तिने सांगितलेलं सगळं होतं. तरी काही सुरू होत नव्हतं.

ते कळलं घरातल्या दह्यामुळे. मुलगी होती तोवर तिने सगळं सांभाळलं, जाताना फ्रीज धुऊन पुसून गेली. काही दिवसांनी मला दही लावायचं होतं तर विरजण नव्हतं. आमच्या घरात विरजण कधी संपत नसे. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, लग्नापासून तेच चाललेलं. मी वाटी घेऊन तळमजल्यावर गेलो.

"ताई, थोडं विरजण द्याल?"

"विरजन नाय घरात?" त्या म्हणाल्या, आणि लगेच ओठ मिटून आत गेल्या. वाटी भरून आणताना म्हणाल्या, "कोमट दुधात घाला हां. आनि झाकून ठेवा. नुसतं दूध ठेवून दही व्हत नाय."

"हो," मी म्हटलं. आणि मग दारातच उभा राहिलो.

"आता काय?"

"ताई, ड्रमचं विरजण गेलंय."

त्यांना क्षणभर कळलं नाही, मग एकदम कळलं. माझ्या बायकोने त्यांना पहिल्या दिवशी काय समजावलं होतं, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं असं नाही. पण दही कसं लागतं हे दोघांनाही ठाऊक होतं. आतलं जे जिवंत होतं ते उपाशी राहून मंदावलं होतं आणि त्यावर मी गार, ओला, कच्चा ढीग ओतला होता. पेलाभर विरजणावर पातेलंभर गार दूध.

"माज्या भावाच्या घरी म्हशी हायेत," ताई म्हणाल्या. "मागे उकिरडा हाय. मुरलेलं शेन आतून कडकडीत गरम असतं, हात घालवत नाय. ते चालंल?"

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा पायाशी झाकलेल्या दोन बादल्या होत्या आणि रिक्षावाला नाकाला रुमाल लावून बसला होता. "मावशी, पुन्हा मला नका हात दाखवू," तो म्हणाला. "गप रे," ताई म्हणाल्या, "तुज्या गाडीला कवा नव्हं ते चांगला वास आला."

मी ड्रममधला थोडा कच्चा माल बाहेर काढला, जागा केली, मधोमध ते मुरलेलं शेण घातलं आणि त्या दिवशी फिरवला नाही. ताईंनी त्यांच्या हिशेबाने वरून आंबट ताकही ओतलं. दोन दिवसांनी चौतीस झालं. मग एकेचाळीस. मग एका सकाळी झाकण उघडलं तर वाफेने चष्मा धुरकटला आणि मला काचा पुसाव्या लागल्या. फळ्यावर सत्तावन्न लिहिलं. संध्याकाळी खालून जाताना कोणीतरी त्या आकड्यापुढे खडूने उदबत्ती काढलेली दिसली, एक रेघ आणि तिच्या टोकाला छोटं टिंब. मी ती दुसऱ्या दिवशी आकड्याबरोबर पुसली.

पण गेलेले दिवस परत आले नाहीत. संक्रांत झाली. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी ड्रममधलं तसराळंभर काढून वर्तमानपत्रावर पसरलं. रंग काळा आला होता. पण त्यात शेवग्याच्या शेंगांचे चोथे होते, लिंबाच्या साली ओळखू येत होत्या, आणि मधूनमधून तो झोंबणारा वास अजून येत होता. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"सर, खांदा कॉलनीच्या नर्सरीतून एक पोतं आणू का? वरून पसरून देऊ. कोण बघतंय?"

त्यांचा हेतू चांगला होता. मी नको म्हटलं.

मीटिंग खालच्या हॉलमध्ये झाली. मी ते तसराळं टेबलावर ठेवलं. दोन-चार जणांनी चिमटीत घेऊन बघितलं, नाकाशी नेलं, भराभर खाली ठेवलं.

"सर, सांगा," सेक्रेटरी म्हणाले.

"दीड महिना झाला," मी म्हटलं. "माती झालेली नाही. अर्धवट आहे."

एकाने तसराळं जरा लांब सरकवलं. मग ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमी नक्की कोनाच्या बाजूचे?" आणि हॉलमध्ये जरा हसू पसरलं.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "एक मिनिट. दीड महिना कसा झाला? मध्ये सुतक नव्हतं का?"

"होतं, पण—"

"मग ते दिवस कसे धरणार? सुतकातले दिवस धरत नाहीत. आमच्याकडे तर व्यवहारातसुद्धा धरत नाहीत."

"बरोबर आहे," कोणीतरी म्हणालं. "पण मग दहा दिवस वजा करायचे की तेरा?"

"दहाच. सुतक दहा दिवसांचं."

"ते रक्ताच्या नात्याला हो. ड्रमचं नातं काय?"

"ड्रमचं नातं काय म्हणजे? ते मुलासारखंच धरायचं."

"पण सर तेराव्यानंतर खाली आले. म्हणजे ड्रमला तेरा पडले."

"तेरा नाय, पंधरा," ताई म्हणाल्या. "मी व्हते तिथं."

हे सगळं ते गंभीरपणे बोलत होते. टर उडवत नव्हते. मला बोलायचं होतं की तिने दिवस मोजायला तापमान लावलं होतं, पंचांग नाही. की ड्रममधलं जे काम करतं त्याला जन्म-मरण आहे पण सुतक नाही. की तिला हे सवलतीचं गणित आवडलं नसतं. हे सगळं खरं आहे. पण मी आजूबाजूला पाहिलं. ज्या समजुतीने त्या लोकांनी ड्रम उपाशी ठेवला होता, त्याच समजुतीने ते आता त्याला वाचवत होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो तिच्या घरातला धरला होता. मी खाली बसलो.

"पाडव्यापर्यंत," सेक्रेटरी म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय मोटरसायकलींचा स्टँड होता. तो वॉचमनच्या केबिनमागे करायचं ठरलं.

त्या खेपेची माती पाडव्याच्या आधीच झाली. ड्रम आपोआप गार झाला, कितीही फिरवला तरी गारच राहिला, म्हणजे आत कुजायचं काही उरलं नव्हतं. तिने सांगून ठेवल्याप्रमाणे मी एका पसरट डब्यात ती घेतली आणि वर मेथीचे दाणे टाकले. कच्चं असेल तर कोंब पिवळे पडून वळतात. ते सरळ आले. ताईंनी ती मेथी बघितली, दोन काड्या उपटून खाल्ल्या आणि म्हणाल्या, "कडू हाय. चांगली हाय." आम्ही ती माती पट्ट्याच्या एका टोकाला, मुरूम खणून काढून, भरली.

पण तिचा शब्द त्याने सिद्ध झाला नव्हता. मध्ये मृत्यू आला होता, उकिरडा आला होता, हिशेब गढूळ झाला होता. म्हणून मी लगेच दुसरी खेप भरली आणि ती तिच्या पद्धतीने नेली: पहिल्यापासून दगडाची भुकटी, रोज एकदा फिरवणं, रोज एकच खोली, शंभर अंक, जुना आकडा पुसून नवा. डबे वेळेवर आले. कोणी गेलं नाही. दीड महिना झाला त्या सकाळी मी मूठभर बाहेर काढलं. शेंगांचे चोथे अजून ओळखू येत होते. आणखी दहा-बारा दिवस लागले.

मी ते फळ्यावर लिहिलं. माती व्हायला जवळजवळ दोन महिने लागतात, असं एका ओळीत. सेक्रेटरी लिफ्टसमोर उभे राहून वाचत होते.

"म्हणजे वहिनींचा अंदाज थोडा चुकला म्हणायचा," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "थोडा."

ती असती तर तिने पाइपाची भोकं वाढवली असती, किंवा दिवसातून दोनदा फिरवून बघितलं असतं, किंवा शेंगा चिरून टाका म्हणून सगळ्यांच्या मागे लागली असती. यातलं नेमकं काय, ते मला सांगता येत नाही. मी पहिली गोष्ट करून पाहतो आहे. सध्या ड्रममध्ये तिसरी खेप आहे. पट्ट्याचं एक टोक तेवढं भरून झालं आहे, बाकी सगळा पट्टा अजून तसाच आहे. रोज सकाळी ड्रम मी फिरवतो.